बाळाच्या भुकेला मुहूर्त नाही



सप्ताहाची सांगता काल्याने होते. दही, लाह्या, पोहे, लोणचे, जे ज्याच्या घरचे ते एका पात्रात कालवायचे आणि लहानथोर सर्वांच्या हातावर घालायचे. ज्याला काला पोचला नाही असा एकही जीव मंडपात राहू नये, अशी आपली रीत. परंतु त्याच मंडपात आईच्या मांडीवर एक जीव असतो. तो मागत नाही, हात पुढे करीत नाही. आज आम्हांला बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

भंडारा जिल्ह्यात, पवनीकडील वैनगंगेकाठच्या एका गावी आम्ही काल्याच्या कीर्तनास गेलो होतो. कीर्तन आटोपल्यावर एक आजीबाई नऊ महिन्यांचा नातू घेऊन पुढे आल्या. म्हणाल्या, "महाराज, पोरगा वाळत चालला. नजर लागली असन. अंगारा द्या." आम्ही विचारले, "माय, बाळ खातो काय?" त्या म्हणाल्या, "मायचं दूध पेते, अन् वरून भाताची पेज देतो. उष्टावण व्हायचं आहे अजून. मामा दिवाळीले येईन, तवा करू."

आम्ही बाळाच्या कपाळी बुक्का लावला आणि सांगितले, "माय, ही नजर नव्हे, ही भूक आहे. आधी अंगणवाडीत वजन करून घ्या, दवाखान्यात दाखवा, आणि आज सांजेलाच त्याला घट्ट वरणभात भरवा."

आता यात आजीचा दोष किती? माया कमी नव्हती. मामाने सोन्याच्या अंगठीवरून खीर चाटवावी, मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करावे, ही हौस पिढ्यांची आहे. हौस अवश्य करा. पण त्या हिशेबाने कोणा मुलीच्या तोंडी पाचव्यातच घास जातो, तर कोणा मुलाला आठवा उलटेपर्यंत थांबावे लागते. देहाचा हिशेब निराळा आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून काही नको, वरचे पाणीदेखील नको. सहा महिने पुरे झाले की नुसते दूध अपुरे पडते, कारण जन्मताना बाळाने आणलेली लोहाची शिदोरी तोवर सरत आलेली असते. तेव्हा दूध चालूच ठेवून वरचे अन्न सुरू करावे, आणि दूध दोन वर्षे व त्याहून अधिकही पाजावे. जागतिक आरोग्य सभेने २००१ साली हेच सहा महिन्यांचे मान ठरवले.

नामस्मरणाला काळवेळ पाहू नये, असे आपणच कीर्तनातून सांगतो. मग देवाच्या नामाला जो मुहूर्त लागत नाही, तो लेकराच्या भुकेला कशाला लागावा?

दुसरी गोष्ट पेजेची. आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. भाताला तोटा नाही. पण पेज म्हणजे बहुतेक पाणीच. तान्ह्याचे पोट मुठीएवढे, ते पाण्याने भरले तर अन्नाला जागा कोठे राहणार? पळी कलती केली असता धार लागली, तर ते अन्न पातळ समजावे. मऊ भात, त्यावर मुगाचे किंवा तुरीचे घट्ट वरण, शिजवून कुसकरलेली भाजी, वर चमचाभर तूप किंवा तेल, लिंबाचे दोन थेंब. आंबटाने भाजी-डाळीतील लोह अंगी लागते. लाखोरीच्या डाळीवर मात्र भर नको. तिच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात. वर्षाच्या आत मध देऊ नये, मीठ-साखर घालू नये. लाह्या, दाणे, फुटाणे घशात अडकतात, म्हणून काल्याचा प्रसादही तान्ह्याच्या तोंडी घालू नये. आरंभी दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्धी वाटी. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे तीन-चार वेळा. वाटी निराळी असावी म्हणजे किती खाल्ले ते कळते. हात साबणाने धुवावे, आणि जबरदस्ती करू नये.

आता आषाढाचा विचार करा. इकडे रोवणी लागते, आई दिवसभर बांधीत चिखलात उभी. आणि ज्या आजीच्या हाती लेकरू असते, तिला पंढरीची ओढ. आजीबाई, वारीला अवश्य जा. पण निघण्यापूर्वी कोण, केव्हा, काय भरवणार ते ठरवून जा. १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या योजनेतून आलेली अंगणवाडी आता गावोगाव आहे; तिथल्या ताईंच्या कानी घाला.

आणि एकादशी! त्या दिवशी घरात साबुदाणा-भगर शिजते आणि बाळाच्या वाटीतही साबुदाण्याचे पाणी जाते. वाचकहो, व्रत ज्याने घेतले त्याचे. तान्ह्याने कोठे संकल्प सोडला आहे? तुमचा उपवास तुम्ही पाळा. पण त्याच्यासाठी मूठभर तांदूळ आणि डाळ चुलीवर ठेवा. त्याने एकादशी मोडत नाही. लेकरू उपाशी ठेवले, तर मात्र ती कोणाच्या पदरी पडेल याचा विचार करावा.

ज्ञानोबारायांना आपण माउली म्हणतो. माउली ती की जी लेकराने मागण्याची वाट पाहत नाही. उष्टावण एका दिवसाचे. भरवणे मात्र रोजचे. ज्या गावात सर्वांत धाकट्या तोंडी वेळेवर घास पोचतो, त्याच गावाचा काला पुरा झाला असे आम्ही समजतो.

॥ रामकृष्णहरि ॥