ऐकणाऱ्याचा वाटा

कलावंताने स्वतःविषयी चारचौघांत बोलण्याचा महाराष्ट्रात सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे प्रकट मुलाखत. व्यासपीठावर दोन खुर्च्या, समोर भरलेले सभागृह, एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने आपले आयुष्य व आपले काम उलगडत जायचे, अशी तिची साधी रचना असते. व्याख्यानमालांनी आणि संमेलनांनी जोपासलेल्या या प्रकाराने मराठी रसिकाला पुष्कळ दिले आहे. तरीही अशा कार्यक्रमांतून कलावंताचे आयुष्य हाती लागते आणि त्याचे काम मात्र बहुधा निसटते, हे मान्य करावे लागेल. बालपणीचे हाल, गुरूचा राग, दौऱ्यावरची फजिती यांत तासभर सहज सरतो. एखादे पात्र तिसऱ्या खर्ड्यात का बदलले किंवा एखादी जागा गळ्यावर चढायला वर्षे का लागली, इथपर्यंत बोलणे पोहोचतच नाही. याचे कारण प्रसंगाच्या स्वरूपातच आहे. मोठ्या सभेपुढे तेच ते सांगता सांगता आठवणीचा किस्सा होतो, टाळी कुठे पडते हे सांगणाऱ्याला कळून चुकते, आणि पुढच्या खेपेस त्याला मूळ प्रसंगाऐवजी आपले मागचे सांगणेच आठवू लागते. म्हणून कलावंत काय बोलला याचा विचार करताना तो कोणापुढे बोलला हे आधी पाहावे लागते, कारण आत्मकथनात ऐकणाऱ्याचाही वाटा असतो आणि तो वाटतो त्याहून बराच मोठा असतो.

अभिनेत्री हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे पुस्तक आहे. ‘माणूस’ या नियतकालिकात आधी प्रसिद्ध झालेले आणि १९७० साली पुस्तकरूपाने आलेले हे आत्मकथन त्यांनी सांगितले आणि अरुण साधू यांनी लिहिले. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने त्या बोलण्याचा बाज राखून ते कागदावर उतरवायचे, या कामाला शब्दांकन म्हणतात. हंसाबाईंनी काम केलेल्या, अनंत माने यांच्या १९५९ सालच्या ज्या तमाशापटाचे नाव पुस्तकाने घेतले, तो पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला होता. म्हणजे बाईंचा चेहरा घराघरांत ठाऊक होता, पण त्यांचे बोलणे असे कोणी ऐकलेले नव्हते. लहान वयात सुरू झालेली नोकरी, संसाराची परवड, दारू, मराठवाड्यातल्या एका घरात पडद्याआड काढलेला काळ हे सगळे त्या ज्या सपाट, निवाडा न मागणाऱ्या स्वरात सांगतात, तो स्वर समोर न्यायाधीश किंवा भक्त बसलेला असता तर लागला नसता. साधू तेव्हा तरुण पत्रकार होते, त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्या अजून लिहून व्हायच्या होत्या, आणि हंसाबाईंची कैफियत सजवण्याचा मोह त्यांनी टाळला, हे त्यांचे श्रेय मोठेच आहे.

पुढे मात्र या पुस्तकाचे जे झाले ते खेदकारक आहे. चर्चा झाली ती आयुष्याच्या धक्कादायक भागाची. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्यावरून ‘भूमिका’ हा चित्रपट काढला, स्मिता पाटील यांना त्यातील कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि हंसाबाईंची व्यथा देशभर पोहोचली. परंतु १९४१ साली ‘संत सखू’त सोशिक सासुरवाशीण उभी करणारी नटी १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’त तमासगीर स्त्रीची चाल, नजर आणि बोलण्याची फेक कशी कमावते, हा प्रश्न वाचकांच्या बाजूने जवळजवळ कोणी लावून धरलाच नाही. १९७१ साली त्या गेल्या, आणि उत्तर देणारेही कोणी उरले नाही.

दया पवार यांनी ‘बलुतं’ या आत्मकथनात (१९७८) ऐकणारा बाहेर शोधलाच नाही. गावगाड्यात सेवेच्या बदल्यात मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याला बलुतं म्हणतात, आणि त्या वाट्यावर जगलेल्या महारवाड्याची ही कथा दगडू मारुती पवार हा शिकल्यासवरल्या दया पवारांना सांगतो, अशी पुस्तकाची मांडणी आहे. दोघे एकच, एक नाव घरचे, दुसरे लेखकाचे. पांढरपेशांच्या जगात वावरू लागलेल्या माणसाला जे विसरावेसे वाटते, ते त्याच्याच तोंडावर सांगायचे असल्यामुळे दगडूला कणव मागता येत नाही की शौर्य मिरवता येत नाही. आपल्या वस्तीची उघडी गरिबी जगापुढे का मांडली, असा आक्षेप पुढे दलित वाचकांतूनही आला. पण तो आक्षेप पुस्तकात आधीच बसलेला आहे, कारण ऐकणाऱ्या दया पवारांचा संकोच तोच आहे.

संगीतात ऐकणारा शिकणारा असेल तर बोलण्याचा रोखच बदलतो. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६), ज्यांनी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात अनेक वर्षे काढली आणि ज्यांच्या तालमीत केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर घडल्या, त्यांनी उतारवयात आपल्या आठवणी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगून लिहून घ्यायला लावल्या. खाँसाहेबांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना म्हणजे तरुणपणी आमलेट्याच्या दरबारात अतोनात गाऊन त्यांचा आवाज बसला, आणि बऱ्याच काळाने तो परतला तेव्हा पहिली गोलाई त्यात नव्हती. सभागृहात ही गोष्ट हळहळ मिळवून संपेल. घरातल्या गायकाला मात्र तिच्यात घराण्याची रीत दिसते: गेलेल्या आवाजाची भरपाई करायची म्हणून लयीशी गुंफलेल्या, वळणावळणाच्या, दमदार तानांची अवघड गायकी कशी बांधली गेली, आणि आजही ती गाताना श्वास का जपावा लागतो, हे त्याला आपल्या रोजच्या रियाझासाठी हवे असते. दुःख आणि तंत्र इथे वेगळे काढता येत नाहीत, आणि कलावंताचे चरित्र वाचण्याला अर्थ येतो तो अशाच ठिकाणी.

जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांनी व्यासपीठ जवळपास नाकारलेच. धारवाडला इंग्रजी शिकवत त्यांनी कथा लिहिल्या, ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला, आणि लोकांच्या नजरेपासून ते कटाक्षाने दूर राहिले. त्यांना बोलायचेच नव्हते असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या निवडक पत्रांच्या खंडांतून वाचन, चित्रे, स्वतःच्या लेखनाविषयीचे असमाधान यांवर भरभरून लिहिणारा माणूस समोर आला. खासगी पत्रे अशी छापावीत काय, ही शंका रास्त आहे आणि ती मिटलेली नाही. पण मराठीत एका कथाकाराने आपल्या कामाविषयी इतके सविस्तर क्वचितच सांगितले असेल, आणि त्यातले पुष्कळसे त्यांनी सांगितले ते लेखिका सुनीता देशपांडे यांना. पत्रखंडात साहजिकच एकच बाजू होती. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे २००३ साली ‘प्रिय जी. ए.’ या नावाने आली, तेव्हा कोणत्या पुस्तकावर त्या अडून बसत, कुठे स्पष्ट विरोध करत आणि कुठे जी. एं.ना पुढे बोलते करत, हे मराठी वाचकाला मूळ कागदांतून पाहता आले.