घरबसल्या श्रवण

श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली भक्ती, हे माळकऱ्याच्या घरी लहान पोराला सुद्धा ठाऊक असते. कीर्तन, स्मरण आदिकरून बाकीच्या आठ भक्ती तिच्या मागून येतात. कारण उघडच आहे. जे ऐकलेच नाही ते गावे कसे आणि आठवावे तरी काय? परंतु ऐकणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. सांगणारा पुढे बसलेला असे, ऐकणारे समोर असत, मध्ये समई तेवत असे. आता सांगणारा समोर नसतानाही घरबसल्या ग्रंथच्या ग्रंथ ऐकता येतात, आणि म्हणून हा प्रश्न विचारणे भाग आहे.

ही सोय आता पुष्कळांच्या परिचयाची आहे. कोणी तिला बोलके पुस्तक म्हणते, कोणी ऑडिओबुक. स्वीडन देशातली स्टोरीटेल नावाची कंपनी 2017 साली हिंदुस्थानात आली, तिने मराठीतही हा व्यवसाय मांडला, आणि पुढे इतरही आले. मोबाइलमध्ये कादंबऱ्या, चरित्रे, भुताखेतांच्या आणि चोरी-खुनाच्या गोष्टी, मुलांच्या कहाण्या, संतवाङ्मय, सारे एका ठिकाणी मिळते. पुष्कळ कथा मुद्दाम ऐकण्यासाठीच लिहिलेल्या असतात व त्या भागाभागांनी पुढे जातात. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू. घाई असेल तर वाचणाऱ्याचा वेग दीडपट करता येतो. झोप येत असेल तर अमुक मिनिटांनी आवाज बंद व्हावा अशी कळही त्यात असते.

तेव्हा विचारायचे ते हे, की याला श्रवण म्हणावे, की हे नुसते कानावर पडणे?

एक गोष्ट आधीच मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. भागाभागांनी ग्रंथ ऐकणे ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. आपल्याकडे चातुर्मासात घरोघर पोथी लागत असे. श्रीधरस्वामींचा हरिविजय, पांडवप्रताप, किंवा महिपतीबोवांनी 1762 साली पुरा केलेला सत्तावन्न अध्यायांचा भक्तिविजय. वाचणारा एक आणि ऐकणारी सारी आळी. त्यांतल्या कितीकांना अक्षरओळख नव्हती, पण कथेतली एक गोष्ट चुकली तर वाचणाऱ्याला थांबवून विचारतील अशी त्यांची तयारी असे. रोज एक अध्याय व्हायचा, पोथी फडक्यात बांधली जायची, आणि उरलेली कथा उद्यावर राहायची. यंत्रावरही हे घडून गेले आहे. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते, एक वर्षाहून अधिक काळ. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओटीवर शेजारी जमत. पुढचे गीत ऐकायला आठ दिवस वाट पाहावी लागे, आणि त्या आठ दिवसांत झालेले गीत लोकांच्या तोंडी बसून जाई.

तेव्हा आक्षेप यंत्रावर घेण्यात अर्थ नाही. उलट यंत्राने काही दारे उघडली आहेत, त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. इंग्लंडात 1935 साली बोलकी पुस्तके सुरू झाली ती कोणासाठी? आंधळ्यांसाठी, आणि त्यांत पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक होते. ज्याचे डोळे गेले, ज्याला शाळेत कधी कोणी घातले नाही, जी म्हातारी अंथरुणाला खिळली, त्यांच्या हाती ग्रंथ देण्याचा दुसरा मार्ग कोणता? शिवाय आपल्या जुन्या श्रवणमंडळींचेही फार कौतुक करू नये. समोर बसायला सगळ्यांना जागा होती काय? बायका दाराआड बसत. कितीकांना अंगणातसुद्धा येऊ देत नसत. चोखोबांना देवळाबाहेर राहावे लागले, आणि पंढरपूरचे देऊळ हरिजनांना मोकळे व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. यंत्र कोणाची जात विचारीत नाही, ओवळे-सोवळे पाहत नाही. हे थोडे नव्हे.

आणि कामे करता करता ऐकणाऱ्यांनाही आम्ही नावे ठेवणार नाही. जनाबाईंनी नामदेवांच्या घरी दळणकांडण करतानाच नाम घेतले ना? मग पोळ्या लाटताना एखाद्या सुनेने कानात कथा लावली तर काय बिघडले? दिवसभरात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असेल. तो हिरावून घेण्याचा अधिकार कोणाला नाही.

इतके मान्य करूनही एक शंका उरतेच. ती नीट दिसावी म्हणून शहर सोडून अशा एका मुलखाकडे जाऊ या, जिथे वाचण्याची परंपरा थोडी आणि ऐकण्याची फार मोठी आहे. पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्याच्या डोंगरी भागात सायवन हे गाव आहे. त्या बाजूच्या पाड्यांतून वारली, कोकणा अशा आदिवासी लोकांची वस्ती. वारली चित्रे आज जगभर गेली आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, हेही वाचकांना ठाऊक असेल. पण त्या चित्रांच्या बरोबरीने जो आवाज असतो, त्याची माहिती फारशी कोणाला नसते. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात, आणि धवलेरी नावाची बाई गाणी म्हणते. लग्न लावण्याचा मान तिचा. कणसरी ही त्यांची अन्नदेवता. तिची कथा भगत घांगळीच्या सुरावर गातो. ही कथा कोठल्या पुस्तकात पाहून म्हटलेली नसते. ऐकून ऐकून ती आली, आणि ऐकवून ऐकवून पुढे जायची.

आता आपण मनाशी विचार करू. धवलेरीची सारी गाणी उत्तम यंत्रावर भरून ठेवली. ती ठेवावीतच, नाहीतर एक दिवस ती नाहीशी होतील. पण लग्नाच्या दिवशी धवलेरीला घरी बसवून मांडवात मोबाइल वाजवला, तर लग्न लागले असे पाड्यावरचा कोणी म्हणेल काय? गाणी तीच, आवाजही तिचाच. मग कमी काय पडले? कमी पडली ती एवढीच गोष्ट, की गाणारी आज इथे या पोरीसाठी गात नाही. तिने या पोरीकडे पाहिलेले नाही. मांडवात कोणी रडले तर ती थांबणार नाही.

आम्हांला वाटते, प्रश्नाचे मर्म इथेच आहे. नेवाशाला माउलींनी शके 1212 मध्ये गीतेवर टीका सांगितली, ती समोर बसलेल्या श्रोत्यांना सांगितली. समोर निवृत्तिनाथ होते, संतमंडळी होती, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ज्ञानेश्वरीत माउली पुन्हापुन्हा श्रोत्यांकडे वळतात, त्यांच्याजवळ अवधान मागतात, लाडाने बोलतात, क्षमा मागतात. एवढ्या अधिकाराच्या पुरुषाला ऐकणाऱ्याची गरज वाटली! वक्त्याचे बोलणे श्रोत्याच्या लक्ष देण्यावर उभे असते. आपल्या कीर्तनात तर टाळकरी मागे उभे असतात, ध्रुपद उचलतात, आणि समोरचा विठ्ठल विठ्ठल म्हणून साद देतो. ऐकणारा तिथे अर्धा भाग करतो.

यंत्राला आमची काही गरज नाही. आम्ही ऐकतो की घोरतो, याचे त्याला सोयरसुतक नाही. बंद खोलीत कोणीतरी मेहनतीने, चांगल्या वाणीने पुस्तक वाचले. पण तो आवाज आमच्याजवळ अवधान मागू शकत नाही. ते आपण होऊन द्यावे लागते. मागणारा कोणी नसताना द्यायचे, हे मोठे कठीण काम आहे. सोय जितकी वाढली तितकी ऐकणाऱ्याची जबाबदारी वाढली, असे आमचे म्हणणे आहे.

शास्त्रकारांनी श्रवणाच्या पाठीमागे मनन ठेवले आणि मननाच्या पाठीमागे निदिध्यास ठेवला. याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला हाच क्रम सांगितला. तेव्हा श्रवणाला पुढची पायरी आहे आणि त्या पायरीला वेळ लागतो. पोथी फडक्यात बांधल्यावर जी रात्र आणि जो दिवस मध्ये जायचा, तो काय फुकट जात होता? नांगर धरताना, पाणी भरताना, कालचा अध्याय मनात घोळायचा. रुक्मिणीने असे का केले, कर्णाचे चुकले की बरोबर, यावर विहिरीवर वाद व्हायचे. कथेचे पचन त्या मधल्या वेळात होई. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू झाला, की हा मधला वेळच नाहीसा होतो. एका रात्रीत दहा भाग ऐकून संपविलेल्या माणसाला आठ दिवसांनी विचारा, बाबा, काय ऐकलेस? तो म्हणेल, छान होते. ताटात पडले पुष्कळ, अंगी काहीच लागले नाही. दीडपट वेगाने ऐकण्याचीही तीच कथा. कर्ज वसूल करायला निघालेल्या माणसासारखे ग्रंथाच्या मागे कशाला लागायचे?

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. सायवन-तलासरीकडची कितीतरी तरुण मुले रोज वापी, उंबरगाव, सिल्वासा इकडच्या कारखान्यांत जातात. कितीक कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर बाहेर पडतात. अशा एखाद्या पोराने येता-जाता कानात मराठी कादंबरी लावली, तर त्यात वाईट ते काय? चांगलेच आहे. शाळेने जे दिले नाही ते त्याला कानाने मिळेल. पण तो घरी येतो तेव्हा चुलीपाशी आजी बसलेली असते. तिच्याजवळ वारलीत शंभर गोष्टी आहेत. कानातले बोंडूक तसेच राहिले तर आजी बोलणार कोणाशी? आणि हळूहळू त्या पोराच्या मनात असेही बसेल, की गोष्ट म्हणजे मोबाइलमध्ये पुस्तकी भाषेत सांगतात ती. आजी सांगते ती नुसती बडबड. असे मनात बसले की एका पिढीत घांगळी भिंतीवर लटकते ती कायमची. ही गत केवळ वारल्यांची नव्हे. आपल्या घरी आजोबांना अजून पन्नास अभंग चालीसकट पाठ असतात, आणि शेजारच्या खोलीत नातू तेच अभंग यंत्रावर ऐकत असतो. दोघांमध्ये एक दार. ते कोणी उघडायचे?

कोणी म्हणेल, मग काय करावे? टाकून द्यावे का हे सारे? मुळीच नाही. आम्ही एवढेच सुचवितो, की घरबसल्या श्रवणाला थोडा नेम असावा, जसा वारीला असतो. वारकरी गाडीने पंढरपुरास जाऊ शकतो, तरी पायी जातो. तसेच दहा भाग समोर असले तरी रोज एकच ऐकावा. आपोआप पुढे जाणारी कळ बंद करून ठेवावी. घरात चार माणसे असतील तेव्हा बोंडूक कानातून काढून आवाज मोकळा सोडावा, म्हणजे चूल पेटविणारी आणि झोळी हलविणारी यांच्याही कानी पडेल. भाग संपला की यंत्र मिटावे, आणि घरातल्या सर्वांत लहान पोराने काय लक्षात राहिले ते आपल्या बोलीत सांगावे. ती बोली वारली असो, कोकणा असो की घाटावरची असो. चुकले तर म्हातारा दुरुस्त करील, आणि तेवढ्यावरून बोलणे निघेल. आठवड्यातला एक दिवस, एकादशी म्हणा हवी तर, यंत्राला उपास घडवावा व त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्याचे तोंड उघडावे. ज्या घरी ऐकणारी एकटीच बाई किंवा एकटाच म्हातारा आहे, तिथेही एक नेम पाळता येतो. ऐकलेल्यातले एक वाक्य, एक प्रसंग निवडून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी ज्याची गाठ पडेल त्याला सांगावा. सांगायचे आहे असे ठरवून ऐकले, की लक्ष आपोआप लागते.

हे सगळे शेवटी कशासाठी? कानाला पापणी नाही. डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. म्हणून कानात काय शिरते यापेक्षा शिरलेल्याचे पुढे काय होते, याचाच हिशेब माणसाला ठेवता येतो. जे कानी पडले आणि तिथेच राहिले, ते करमणूक झाले. करमणुकीला आमची ना नाही, थकल्या जिवाला तीही लागते. पण जे कानी पडून मनात घोळले, आणि मनातून दुसऱ्याच्या कानी गेले, ते श्रवण झाले. मग ते वीणेकऱ्याच्या मुखातून आलेले असो की मुठीएवढ्या यंत्रातून. त्र्यंबकेश्वरी पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेस जी मंडळी जातील, त्यांनी वाटेत शेजारच्या वारकऱ्याला एवढेच विचारून पाहावे, बाबा, तुम्ही काय ऐकलेत? तो सांगू लागला की आपण गप्प बसून ऐकावे.

रामकृष्णहरी.