बंद दाराआडची प्रीती
बडोद्याच्या थंडीत दुपारी मुलांना कमाटीबागेत सोडले की आईबापांची सुटका होते. टोरांटोत गेलेल्या आपल्या कुटुंबांना ही सोय नाही. डिसेंबरच्या मध्यात पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो. बर्फामुळे लहान मुले व थकलेले आईबाप कित्येक महिने घरात कोंडले जातात. तेव्हा प्रश्न पडतो: आपली सहनशीलता आत्म्याचे फळ होती, की मोकळ्या अंगणाची कृपा?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात शिष्यांना मुलांची अडचण वाटली. प्रभूला त्यांचा राग आला. मुलांनी गप्प बसावे अशी अट न घालता त्याने त्यांना कवेत घेतले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपला वर्गही तासाभराचे बंद घरच आहे. त्या आईबापांसाठी प्रार्थना करताना आपल्यासाठीही करू या.