लाथ आणि गाऱ्हाणं

फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची कुस्ती. पाठ टेकलीच नाही म्हणत शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली. फायनलला आमच्या सोलापूरचा महेंद्र गायकवाड पंचाशी वाद घालून आखाडा सोडून गेला. कुस्तीगीर संघानं दोघांवर ३ वर्षांची बंदी घातली.

पारावर पोरं म्हणाली, "आबा, पण पंचच चुकला असंल तर?"

तर त्यालाबी शिक्षा पाहिजे. पण एकदा मोजणीत माझा बांध हातभर आत आला, तेव्हा मी मोजणीवाल्याची कॉलर धरली होती. खरा होतो मी. पण त्या दिवसापासून बांधाबद्दल कुणी बोललंच नाही. गावभर कॉलरचीच चर्चा. माझं गाऱ्हाणं मीच बुडवलं. बांध अजून तिथंच आहे.