विटेवरचा वेळ

मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत ‘बसा, बोलावतो’ असं कुणी म्हणतं, तेव्हा अर्धं निदान झालेलं असतं. सिस्टरनं मुलाकडे एकदाच पाहिलेलं असतं. श्वास बरोबर आहे, ओठांचा रंग बरोबर आहे, रक्त वाहत नाही, रडतंय म्हणजे शुद्धीवर आहे, हे तिनं तेवढ्यात ताडलेलं असतं. ज्याला बसवून ठेवता येतं त्याच्या जिवाला धोका नसतो. आईबापांना हे कळतंही. पण मांडीवर मूल कण्हत असताना या कळण्याचा आधार फार वेळ टिकत नाही.

जखम जितकी गंभीर तितका नंबर आधी, हा नियम रणांगणावर घडला. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद डोमिनिक-जाँ लारे यानं हुद्दा न बघता, प्रसंगी शत्रूचा की आपला हेही न बघता, जखमेच्या गांभीर्यावरून क्रम लावायचा आग्रह धरला. १८१२च्या रशियावरील मोहिमेच्या त्याच्या आठवणींत हा विचार स्पष्ट आहे. सरदाराच्या खरचटलेल्या दंडाआधी शिपायाचा तुटलेला पाय, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट असेल! आणि आजही ती पचवायला आपल्याला जडच जाते. मी मुलीला घेऊन कॅज्युअल्टीत बसले होते त्या रात्री बाकांवरची कितीतरी माणसं फोनवर ओळख शोधत होती. कुणाचा मेहुणा कुठल्या ऑफिसात, कुणाचे साहेब कुठल्या डॉक्टरांचे शेजारी. मला त्यांचा राग आला नाही. आपलं मूल हजारांतलं एक आहे हे आईबापाला ऐकवलं, तरी मान डोलावण्यापलीकडे त्याच्या हातून काही होत नाही.

माझी सात वर्षांची मुलगी सोसायटीच्या बागेत झोक्यावरून पडली होती. पडताना सगळी मुलं टेकतात तसा तिनंही तळवा टेकला, आणि सगळा भार मनगटाच्या वरच्या हाडावर आला. शेजारच्या आजींनी वहीचा जाड पुठ्ठा हाताखाली धरला, ओढणीच्या घडीनं बांधला आणि हात गळ्यात अडकवून दिला. ‘हलवू नकोस गं, आता तो झोपलाय,’ असं त्या तिला म्हणाल्या. सुश्रुतानं मोडलेल्या हाडाला आधार द्यायला वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबूच्या कांब्या सांगितल्या आहेत. सुश्रुताच्या ग्रंथाचं नाव आजींनी फार तर ऐकलं असेल, पण हात मात्र त्याच वाटेनं गेला.

केसपेपर काढला, एक्स-रे झाला. विल्हेल्म रोंटगेननं १८९५च्या डिसेंबरात आपल्या बायकोच्या हाताचं चित्र घेतलं. बोटातल्या अंगठीसकट तिच्या हाताची हाडं त्यात उमटली आणि ते जगभर गाजलं. तेव्हापासून इतकी वर्षं गेली, तरी आपल्या माणसाचा हात असा उघडा पाहताना पोटात खड्डा पडतो. पडद्यावर हाडाच्या टोकाशी आडवी काळी रेघ दिसली आणि माझा धीर सुटला. तरुण डॉक्टरांनी पेनाचं टोक तिथं ठेवलं. ‘हे मोडलेलं नाही. इथूनच तिचं हाड वाढतंय. मोडलंय ते इथं, वर.’ वरची रेघ अगदी बारीक होती. हाड एका बाजूनं चिरलं होतं आणि दुसऱ्या बाजूनं वाकलं होतं. मनगटातली आठही हाडं या वयात एक्स-रेत दिसत नाहीत, काही अजून कूर्चाच असतात, हेही त्यांनी सांगितलं. मी तो पडदा पुष्कळ वेळ पाहत राहिले. सात वर्षं रोज जो हात धुतला, पुसला, धरला, तो आतून अजून पुरता घडलेलाही नव्हता.

मग खरं थांबणं सुरू झालं. हाड बसवताना भूल द्यावी लागेल, म्हणून पोटात काही द्यायचं नाही. भुलेत खोकला आणि गिळणं सैलावतं, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते. म्हणून घन अन्नानंतर साधारण सहा तास जाऊ द्यायचे. तिनं संध्याकाळी पोळीचा लाडू खाल्ला होता. म्हणजे त्यातला बराचसा वेळ उपचाराचाच भाग होता. डॉक्टर मोकळे असते तरी तो लाडू पचायला लागणारा वेळ कुणाला कमी करता आला नसता. आंरी बर्गसाँ या तत्त्वज्ञानं १९०७ साली याच अर्थाचं लिहून ठेवलं आहे. पेल्यात साखर टाकली की ती विरघळेपर्यंत थांबावंच लागतं, आणि घड्याळातला वेळ मोजता येत असला तरी हे थांबणं आपल्याला जगावंच लागतं, असं त्याचं म्हणणं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे ऐकताना छान वाटतं. ‘आई, एक घोट पाणी’ हे ऐकताना त्याचं वजन कळतं.

त्या बाकावर मी एकच काम करू शकत होते, ते म्हणजे चेहरा सांभाळणं. १९८५ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी वर्षाभराच्या बाळांवर एक प्रयोग केला. पृष्ठभाग जाड काचेचा, पण खालचा नक्षीचा तळ मध्येच खोल गेलेला, त्यामुळे काठ आल्यासारखा भासे. पलीकडे आई उभी. तिनं आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काचेवरून रांगत गेली. तिनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. काच तीच, खोलीही तीच. सात वर्षांच्या मुलीचा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण ती दर थोड्या वेळानं हाताकडे पाहायची आणि लगेच माझ्याकडे. आपल्याला नेमकं काय झालंय, हे ती माझ्या चेहऱ्यावरून ठरवत होती.

एके काळी एवढंही आईबापांच्या हाती नव्हतं. इंग्लंडात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक रुग्णालयांत मुलांना भेटण्याच्या वेळा फार तुटपुंज्या होत्या. आई आली की मूल रडतं, म्हणून ती न आलेली बरी, असा समज. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातल्या आठ दिवसांचा चित्रपट केला. ती फारशी रडत नाही. ओठ दाबून धरते, आणि दिवसागणिक अधिक गप्प होत जाते. या गप्प राहण्याला तोवर शहाणपणा म्हटलं जात होतं. १९५९च्या प्लॅट समितीच्या अहवालानं पालकांना मोकळेपणानं भेटू द्यावं अशी शिफारस केली, त्यामागे रॉबर्टसन यांच्या या कामाचा मोठा वाटा होता. मुलीचं रडणं ऐकवत नव्हतं तेव्हा मला हे आठवलं. ती मोठ्यानं रडत होती, कारण ऐकणारं कुणीतरी जवळ होतं.

दहाच्या सुमाराला दार धाडकन उघडलं. दुचाकीच्या अपघातातला एक मुलगा स्ट्रेचरवरून आत गेला, आणि मामा, सिस्टर, डॉक्टर सगळे त्याच्यामागे. आमचे डॉक्टर आमच्याकडे न बघता गेले. त्या क्षणी मला पंढरपूर आठवलं. देव दारात आलेला आणि पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत. तो उठला नाही. त्यानं वीट फेकली आणि यावर थांब म्हणाला. सेवेत असलेल्या माणसाला देवालाही थांबवायचा अधिकार आहे, यावर महाराष्ट्राची एवढी मोठी भक्ती उभी आहे. आत तो तरुण डॉक्टर पुंडलिक होता आणि वीट आमच्या वाट्याला आली होती. आणि माझ्या मांडीवर जी होती तिच्यापुरती मीही पुंडलिकच. ऑफिसचे फोन वाजत राहिले, त्यांना त्यांच्या विटेवर उभं राहायला काय हरकत होती?

पण पुंडलिकानं वीट तरी फेकली. आलेल्याची दखल घेतली, मला वेळ लागेल हे कळवलं, उभं राहायला जागा दिली. आपल्या रुग्णालयांत नेमकं तेवढंच राहून जातं. कारण न सांगता लांबलेला वेळ कारण सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त वाटतो, हे डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना मांडलं होतं. कारण सांगायला यंत्रं लागत नाहीत. तासातासानं कुणीतरी दारात येऊन सांगावं, की आत एक गंभीर पेशंट आहे, तुमच्या मुलांना विसरलेलो नाही, अजून वेळ लागेल. आमच्याकडे शेवटी एक मावशी आल्या. फरशी पुसता पुसता म्हणाल्या, ‘पोराला फार लागलंय हो, म्हणून उशीर.’ सगळे बाक एकदम शांत झाले. ओळख शोधणारे फोन खिशात गेले. सांगणं हे मावशींच्या कामात कुठंही लिहिलेलं नसेल; ते लिहिलेलं असायला हवं, आणि त्यासाठी माणूस नेमलेला असायला हवा.

मध्यरात्रीनंतर हाड बसवलं, स्लॅब घातला. सूज उतरली की पक्कं प्लॅस्टर. किती दिवस, याचा अंदाज सुश्रुतानंही दिला आहे: बालवयात सांधा महिन्याभरात स्थिर होतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट काळ लागतो, उतारवयात तिप्पट. आजचे डॉक्टरही लहान मुलाच्या मनगटाला चार ते सहा आठवडे सांगतात. लहान मुलाच्या हाडात थोडा बाक राहिला तर वाढता वाढता तोही पुष्कळदा सरळ होतो. त्या कामात आपल्याला काहीच करायचं नसतं.

प्लॅस्टर तपासायला गेलो तेव्हा मुलीनं डॉक्टरांना आधी त्या मुलाचं विचारलं. तिला त्याचं नावही ठाऊक नव्हतं, ‘आमच्या आधी गेला तो’ एवढंच. डॉक्टरांनी हातातली कात्री खाली ठेवली. तो आयसीयूतून वॉर्डात आलाय आणि जेवायला लागलाय, असं त्यांनी सांगितलं. मग तिनं हात पुढे केला.