विनाशिकेची दया

दिवाळीत मुले मातीचा किल्ला रचतात. बुरुजावर तोफ मांडतात आणि तिच्याच शेजारी पणती लावतात. तोफ आणि पणती एकत्र कशी नांदावी, हा प्रश्न मुलांना पडत नाही. आपल्याला मात्र तो पडायला हवा.

आमच्या पनवेलची खाडी ज्या बंदराला जाऊन मिळते, त्याच बंदराच्या काठी माझगावची गोदी आहे. तेथे बांधलेली 'आयएनएस मुंबई' २००१ साली नौदलात दाखल झाली. अशा जहाजाला मराठीत 'विनाशिका' म्हणतात. नावाप्रमाणेच तिच्याजवळ क्षेपणास्त्रे, तोफा आणि पाणतीर आहेत. परंतु २००६ साली लेबनॉनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा ही विनाशिका इतर जहाजांसह बैरुतला गेली ती माणसे सोडवून आणण्यासाठी. भारतीयांबरोबर नेपाळचे आणि श्रीलंकेचे लोकही त्या जहाजांवर चढले. पुढे एप्रिल २०१५ मध्ये ती येमेनमधील एडनला पोचली. बंदरावर भडिमार चालू होता. धक्क्याला लागणे अशक्य. तेव्हा लहान होड्यांतून चारशेहून अधिक माणसे जहाजावर आणली गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक परदेशी होती.

कोणी म्हणेल, यात दया कसली? राष्ट्रे परोपकार करतात ती आपला दबदबा वाढावा म्हणून. शिवाय जगात तोफाच नसत्या, तर एडनहून पळण्याची पाळी कोणावर आली असती?

आक्षेप खोटा नाही. बुडणारा माणूस हात देणाऱ्याचा हेतू विचारत नाही, हे खरे. पण ज्यांच्या पैशाने जहाज बांधले, त्या आपण तो विचारलाच पाहिजे. मात्र विचारताना हेही ध्यानात घ्यावे की, त्याच वेळी 'कवरत्ती' आणि 'कोरल्स' ही प्रवासी जहाजे येमेनच्या कामगिरीवर निघाली, तेव्हा चाच्यांच्या भीतीने त्यांना युद्धनौकांची सोबत द्यावी लागली. निःशस्त्र दयेला त्या पाण्यात वाट नव्हती.

म्हणून शस्त्र पवित्र ठरते का? मुळीच नाही. एका सत्कृत्याने तोफेला कायमचे प्रशस्तिपत्र मिळत नसते. तिची परीक्षा दर वेळी नव्याने द्यावी लागते. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता' या विनाशिकेने चाच्यांनी बळकावलेले 'रुएन' जहाज अडवले. १७ खलाशी सुखरूप सुटले. आणि ३५ चाचे शरण आले, त्यांना जिवंत मुंबईस आणून पोलिसांच्या हवाली केले. मला ही दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी वाटते. निरपराध माणसाची कीव कोणालाही येते. पण हाती सापडलेल्या गुन्हेगारालाही न्यायासनापर्यंत पोचण्याचा हक्क आहे, हे भरल्या तोफेमागे उभे राहून आठवणे सोपे नाही.

शस्त्राला दोनच जाती ठाऊक असतात: आपला आणि शत्रू. जहाजाच्या शिडीवर मात्र तिसरी जात भेटते, ती नुसत्या माणसाची. राष्ट्राचे सामर्थ्य किती, हे तोफा मोजून कळेल. ते सामर्थ्य कशाच्या योग्यतेचे आहे, हे त्या शिडीवर कोणाकोणाला चढू दिले यावरूनच कळेल. आणि खरे म्हणजे आपल्या घराच्या उंबरठ्यालाही हीच कसोटी लावायला काय हरकत आहे?