नवलचं मृत्युपत्र

बरगी, जि. जबलपूर

चि. सानिका,

‘इन्सेंडीज’ पाहून तुझा डोळ्याला डोळा लागला नाही, असं वहिनी सांगत होती. आणि तुझा प्रश्नही कळला : मरताना त्या आईने हे सगळं मुलांच्या माथी का मारलं? गप्प राहिली असती तर पोरं सुखात राहिली असती. मला हे पटत नाही, म्हणून हा कागद. शेवट मात्र लिहीत नाही. मल्हारने सिनेमा अजून पाहिलेला नाही आणि तुझी पत्रं चोरून वाचायची त्याला खोड आहे.

ती आई, नवल, काय करते बघ. वकिलाकडे दोन पाकिटं ठेवते. एक मुलगी जानने बापाला द्यायचं, दुसरं मुलगा सिमॉनने भावाला. बाप मेला असं जुळ्यांना वाटत होतं, आणि भाऊ आहे हेच ठाऊक नव्हतं. पाकिटं पोचेपर्यंत कबरीवर दगड नको, नाव नको. मुलांसाठीचं पत्र सगळ्यात शेवटी. म्हणजे आधी तिच्या गावाची धूळ तुडवा, तिच्या तुरुंगाच्या भिंती बघा, मग तिचं पत्र वाचा. कोणी, केव्हा, कोणत्या क्रमाने ऐकायचं हे तिने स्वतः ठरवलं. माझ्या लेखी सिनेमाचा जीव तिथे आहे; तू ज्या धक्क्याबद्दल बोलतेस तो त्यानंतरचा.

हे मुळात नाटक; वाजदी मुआवादने ते २००३ मध्ये लिहिलं, दिग्दर्शक विलनव्हने २०१० मध्ये पडद्यावर आणलं. देशाचं नाव कुठेच नाही, पण १९७५ ते १९९० चं लेबनॉनचं यादवी युद्ध लपत नाही. मुआवाद स्वतः लहानपणीच तिथून बाहेर पडलेला. नवलमागे सुहा बशारा या खऱ्या बाईची सावली आहे. तिने १९८८ मध्ये तिथल्या इस्रायलधार्जिण्या सैन्याचा सेनापती अंतवान लहाद याच्यावर गोळ्या झाडल्या आणि खियामच्या तुरुंगात दहा वर्षं काढली.

आता आपल्याकडे ये. फाळणीत पळवलेल्या बायकांचे सरकारी अंदाज होते : इकडे ५० हजार मुसलमान, तिकडे ३३ हजार हिंदू-शीख. त्यांना परत आणायला १९४९ मध्ये कायदा झाला. त्यात बाईची मर्जी विचारायची सोयच नव्हती. एव्हाना कुणी संसार मांडलेला, कुणाच्या कडेवर मूल. ‘मला जायचं नाही’ म्हणणारीलाही पोलिसांनी उचललं. १९५५ पर्यंत दोन्हीकडून मिळून सुमारे ३० हजार जणी ‘परत’ आल्या. त्यांतल्या कितीतरी जणींच्या घरांत पुढे त्या वर्षांचा उच्चारही झाला नाही. मुलांना आई कळायची ती लग्नापासून पुढची. नवलचं मौन तिचं स्वतःचं होतं. या बायकांचं मौन घराण्याच्या अब्रूसाठी त्यांच्यावर लादलेलं. हा फरक तू नीट बघ.

‘खामोश पानी’ मिळाला तर मल्हारलाही दाखव. सबीहा सुमारचा, २००३ चा. १९७९ च्या पाकिस्तानातली आयेशा मूळची शीख असते, गावातल्या विहिरीच्या वाटेलाही जात नाही. तिचा मुलगा जिहाद्यांच्या नादी लागतो आणि आईचा भूतकाळ नेमका तेव्हाच दारात येतो. तिला मृत्युपत्र करायची सवड कोण देणार!

आमच्या जबलपूरची गोष्ट याच्या अगदी उलटी. सुभद्राकुमारी चौहान यांची झाशीच्या राणीवरची कविता इथल्या प्रत्येक पोराला पाठ. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्या पकडल्या गेल्या, १९४२ मध्ये पुन्हा तुरुंगात. त्यांत लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी सगळं सांगून व्हायच्या आधीच १९४८ च्या फेब्रुवारीत नागपूरहून परतताना सिवनीजवळ गाडीला अपघात झाला आणि त्या गेल्या. आमच्या बरगीवरून जबलपूरला जातो तोच हा रस्ता. सांगायचं राहिलेलं पुढे लेकीने जमवलं. सुधा चौहान यांनी ‘मिला तेज से तेज’ या पुस्तकात आईवडिलांचं आयुष्य लिहिलं. कवितेत न दिसणारी घरातली बाई त्यात भेटते.

सगळ्यांना असा माग काढता येत नाही. इथल्या बरगी धरणाने १६२ गावं बाधित केली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं माहेर त्या पाण्याखाली आहे. त्यांच्या मुलांनी जानसारखं आईचं गाव शोधायचं ठरवलं तर जायचं कुठे? त्यांना मावशीच काय सांगतील तेवढंच. आणि मावशी सांगतात बरं, फक्त कुणीतरी विचारावं लागतं, तेही भांडी घासून झाल्यावर.

सुधाताईंचं पुस्तक माझ्याकडे आहे. हिंदी आहे, पण तुला जड जाणार नाही. दिवाळीला बाबा येतील त्यांच्याबरोबर देते. परत मात्र कर.

तुझी,
आत्या